शिक्षकांचे संगणक प्रशिक्षण : काय शिकवले आणि काय राहून गेले

एखाद्या शाळेत गेलो की मुख्याध्यापक आवर्जून संगणक कक्ष दाखवतात. कक्ष बहुधा स्वच्छ असतो. संगणकांवर कापडी खोळी असतात, भिंतीवर संगणकाच्या भागांचा तक्ता असतो आणि दाराला भक्कम कुलूप असते. शेजारच्याच वर्गात विज्ञानाचा तास चालू असतो. फळ्यावर साध्या दोलकाची आकृती काढलेली असते आणि मुले दोलनकालाची व्याख्या वहीत उतरवून घेत असतात. या दोन खोल्यांमध्ये एकच भिंत असते, पण शिकवण्याच्या दृष्टीने पाहिले तर अंतर फार मोठे असते. हे अंतर का पडले, आणि ते कमी व्हावे म्हणून शिक्षकांना जे प्रशिक्षण दिले जाते त्यात नेमके काय चुकते, याचा विचार या लेखात करायचा आहे.

या प्रश्नाचे एक तयार उत्तर आपण सर्वांनी ऐकले आहे. शिक्षकांना नवे नको असते, ते यंत्राला घाबरतात, त्यांना उत्साह नाही, हे ते उत्तर. प्रशिक्षण देणाऱ्यांना ते सोयीचे आहे, कारण त्यात प्रशिक्षण देणाऱ्यांचा काहीच दोष उरत नाही. आम्हीही काही वर्षे हेच उत्तर देत होतो. ते चुकीचे आहे असे आज आमचे मत झाले आहे, आणि हे मत कसे बदलले ते आधी सांगितले पाहिजे.

आमचीच एक कार्यशाळा

२०१६ च्या उन्हाळी सुट्टीत एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळांतील विज्ञान व गणिताच्या शिक्षकांसाठी आम्ही तीन दिवसांची कार्यशाळा घेतली. चाळीस शिक्षक आले होते. पहिल्या दिवशी स्प्रेडशीट, दुसऱ्या दिवशी भूमितीसाठी जिओजेब्रा आणि तिसऱ्या दिवशी संगणकावरचे आभासी प्रयोग अशी आखणी होती. उन्हाळा कडक होता, वीज दोनदा गेली, तरी शिक्षक मन लावून बसले. शेवटी अभिप्रायाचे कागद भरून घेतले, त्यांत बहुतेकांनी ‘उत्तम’ या शब्दापुढे खूण केली होती. प्रमाणपत्रे वाटली, गटाचे छायाचित्र काढले आणि आम्ही समाधानाने परतलो.

२०१८ मध्ये त्याच भागात दुसऱ्या कामासाठी जाणे झाले, तेव्हा त्यांतल्या सात शाळांना भेट दिली. स्प्रेडशीट सातही शाळांत वापरात होती. निकालपत्रके तीत होत होती, शिष्यवृत्तीच्या याद्या तीत होत होत्या, वरून मागवलेली माहिती तीत भरली जात होती. म्हणजे शिक्षक संगणकाला घाबरत होते असे मुळीच नव्हते. पण मुलांसमोर, एखादा धडा शिकवताना, तिचा उपयोग एकाही शाळेत झालेला नव्हता. जिओजेब्रा आणि आभासी प्रयोगांचीही तीच गत होती.

निवृत्तीला आलेले एक शिक्षक आम्हाला म्हणाले, “सर, स्प्रेडशीट तुम्ही छान शिकवलीत, अगदी खरं सांगतो. पण मला आठवीला घनता शिकवायची होती. या दोन गोष्टींची गाठ कुठे मारायची ते तुम्ही सांगितलं नाहीत. आणि विचारावं म्हटलं, तर तुम्ही परत आला नाहीत.”

या बोलण्यात कटुता नव्हती, पण दोन आरोप होते आणि दोन्ही खरे होते. यंत्र आणि धडा यांची गाठ आम्ही मारून दाखवली नव्हती, हा पहिला. शिक्षक जेव्हा प्रत्यक्ष वर्गात उभा राहिला तेव्हा आम्ही तेथे नव्हतो, हा दुसरा. पुढचा सारा लेख म्हणजे या दोन वाक्यांवरचे भाष्य आहे.

चाळीस वर्षांची सवय

ही चूक आमच्या एकट्याची असती तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण आपल्या देशात शाळेत संगणक आला तेव्हापासून ती होत आली आहे. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या शिक्षण आणि इलेक्ट्रॉनिक्स या दोन विभागांनी मिळून ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला. पहिल्या टप्प्यात सुमारे अडीचशे माध्यमिक शाळांना ‘बीबीसी मायक्रो’ हे संगणक मिळाले. या संगणकाची स्मृती ३२ किलोबाइट होती. आजच्या मोबाइलवर काढलेले एखादे साधे छायाचित्रही तीत मावणार नाही. सोबतचे शैक्षणिक कार्यक्रम सुरुवातीला बरेचसे ब्रिटनमध्ये तेथल्या मुलांसाठी तयार झालेले होते आणि अर्थातच इंग्रजीत होते. प्रकल्पाचा भर संगणक साक्षरतेवर होता. यंत्राची ओळख व्हावी, त्याच्याभोवतीचे गूढ नाहीसे व्हावे, हा हेतू होता.

त्या काळी हा हेतू गैर नव्हता. संगणक कुणी पाहिलेलाच नव्हता, तेव्हा ओळखीपासून सुरुवात होणार हे उघड आहे. खटकते ते एवढेच, की यंत्रे बदलली, योजनांची नावे बदलली, पण प्रशिक्षण ओळखीपाशीच थांबले. २००४ मध्ये शाळांसाठी माहिती व संपर्क तंत्रज्ञानाची केंद्रीय योजना आली, २०१० मध्ये ती सुधारली गेली आणि २०१८ मध्ये ती समग्र शिक्षा अभियानात समाविष्ट झाली. प्रत्येक वेळी यंत्रांची संख्या वाढली. ‘यू-डायस प्लस’च्या २०२३-२४ च्या माहितीनुसार देशातील सुमारे ५७ टक्के शाळांत चालू स्थितीतले संगणक होते आणि सुमारे ५४ टक्के शाळांत इंटरनेट होते. हे आकडे समाधानाचे नाहीत, तरी १९८४ च्या अडीचशे शाळांपासून आपण पुष्कळ पुढे आलो आहोत हे त्यांतून दिसते. प्रशिक्षण मात्र संगणक सुरू कसा करायचा, फाइल कशी जतन करायची, सादरीकरणाच्या पानाला रंग कसा द्यायचा, याच क्रमाने चालत राहिले.

महाराष्ट्रात २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाली आणि तिचा ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम गावोगावी पोचला. शासकीय सेवकांना संगणक अर्हता आवश्यक झाली तेव्हा असंख्य शिक्षकांनी हीच परीक्षा दिली. हा अभ्यासक्रम सर्वसामान्य नागरिकासाठी होता आणि त्या दृष्टीने तो उपयोगीही ठरला. दुकानदार, कारकून, विद्यार्थी आणि शिक्षक या सर्वांना त्यात सारखेच धडे होते. मग शिक्षकाने तो पुरा केला की तो वर्गात संगणक वापरू लागेल, ही अपेक्षा कुठून आली? सायकल चालवता आली म्हणजे पोस्टमनचे काम आले, असे आपण म्हणत नाही.

गाठ म्हणजे काय?

आता त्या गाठीकडे वळू. एक अगदी साधे उदाहरण घेऊ, कारण हे प्रकरण उदाहरणावाचून कळत नाही.

दोरीला दगड बांधून मुलांनी दोलक केले आहेत. चार गटांना चार लांबी दिल्या आहेत : २५, ५०, ७५ आणि १०० सें.मी. प्रत्येक गटाने २० दोलनांना लागणारा वेळ मोजायचा आहे. गटांची उत्तरे अनुक्रमे २०.१, २८.४, ३३.० आणि ४०.१ सेकंद अशी येतात. शिक्षक ती स्प्रेडशीटमध्ये भरतात. २० ने भागून एका दोलनाचा काल मिळतो, त्याचा वर्ग करून लांबीसमोर आलेख काढला की चारपैकी तीन बिंदू आरंभबिंदूतून जाणाऱ्या एका सरळ रेषेवर बसतात. ७५ सें.मी.चा बिंदू मात्र रेषेच्या खाली पडतो. रेषेप्रमाणे वर्ग ३.०२ यायला हवा होता, तो २.७२ आला आहे.

येथपर्यंतचे काम यंत्राचे. ते कागदावरही झाले असते, पण आकडेमोड आणि आलेख यांत तास संपला असता. खरा धडा आता सुरू होतो, आणि यापुढे यंत्र काहीच सांगत नाही. एक शिक्षक तो बिंदू चुकीचा म्हणून पुसून टाकील. दुसरा त्या गटाला रागावेल. तिसरा शिक्षक विचारील, “या गटाला वेळ किती लागायला हवा होता?” रेषेवरून उलट गणित केले की उत्तर येते ३४.८ सेकंद. “तुमचा किती आला?” ३३.० सेकंद. “फरक किती?” १.८ सेकंद. “आणि या दोलकाचे एक दोलन किती वेळाचे?” सुमारे १.७ सेकंद. एवढे झाले की वर्गातले कुणीतरी मूल ओरडतेच, “सर, यांनी एक दोलन कमी मोजलंय!” मग त्या गटाला पुन्हा मोजायला सांगावे. दगड सोडतानाच ते ‘एक’ म्हणतात असे दिसते. सोडताना ‘शून्य’ म्हणायला हवे होते. त्यांची वीस दोलने प्रत्यक्षात एकोणीसच होती.

मोजमापातली चूक म्हणजे काय, ती शोधायची कशी, आणि न पटणारे निरीक्षण पुसून का टाकायचे नाही, हे मुले या तासाला शिकली. विज्ञानाचे याहून चांगले शिक्षण आम्हाला ठाऊक नाही.

या तासासाठी शिक्षकाला काय काय यावे लागले ते पाहा. आकडे भरून आलेख काढणे हे एक. ते अर्ध्या तासात शिकता येते. लांबीसमोर काल न मांडता कालाचा वर्ग मांडला की रेषा सरळ का येते, हे दुसरे. मुले मोजताना कुठे चुकतात हे तिसरे. आणि चुकलेला बिंदू ही अडचण नसून संधी आहे हे ओळखणे चौथे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले होते, की विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याचे सर्वसाधारण कसब यांखेरीज ‘हाच विषय शिकवण्याचे’ असे एक वेगळे ज्ञान असते. २००६ मध्ये मिश्रा आणि कोहलर यांनी त्यात तंत्रज्ञानाची भर घालून असे म्हटले, की विषय, अध्यापन आणि तंत्रज्ञान यांचे ज्ञान सुटे सुटे देऊन भागत नाही. ती जेथे एकमेकांत मिसळतात तेथे शिक्षकाचे खरे काम असते. आमच्या कार्यशाळेत आम्ही चारपैकी पहिली गोष्ट तीन दिवस शिकवत बसलो होतो.

यातली खेदाची बाब वेगळीच आहे. तिसरी आणि चौथी गोष्ट, आणि पुष्कळदा दुसरीही, अनुभवी शिक्षकाजवळ आधीपासून असते. दगड सोडताना मुले ‘एक’ म्हणतात हे वीस वर्षे प्रयोग घेणाऱ्या शिक्षकाला ठाऊक असते, प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्हाला नसते. पण आमची प्रशिक्षणे या माणसाला माउस कसा धरायचा या पायरीवर आणून बसवतात. त्याचे सगळ्यात मोलाचे ज्ञान खोलीबाहेर ठेवले जाते आणि तो पुन्हा पहिलीत जातो. तीन दिवसांनी तो घरी जातो तो ‘हे आपले काम नव्हे’ असे मनात घेऊन. त्याला आपण नंतर निरुत्साही म्हणतो.

ठिपके हळू, मग दिवा लगेच कसा?

आभासी प्रयोगांविषयीही हेच म्हणता येईल. ते बिनकामाचे आहेत असे आम्ही म्हणत नाही. अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठात २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘फेट’ या प्रकल्पाचे आभासी प्रयोग आज मराठीतही उपलब्ध आहेत आणि विनामूल्य आहेत. २००५ मध्ये तेथील संशोधकांनी एक तुलना प्रसिद्ध केली. विजेच्या मंडलाचा अभ्यास संगणकावर केलेले विद्यार्थी हा विषय समजण्यात, आणि नंतर खरे मंडल जोडण्यातही, खऱ्या साधनांवर शिकलेल्यांपेक्षा सरस ठरले. प्रयोगशाळेचा आग्रह धरणाऱ्या आमच्यासारख्यांना हा निष्कर्ष पचायला जड गेला, पण त्याचे कारण समजण्यासारखे आहे. खऱ्या तारेत काय वाहते ते दिसत नाही, येथे दिसते. मात्र त्या विद्यार्थ्यांना नुसते पडद्यासमोर बसवलेले नव्हते. काय करून पाहायचे, कशाचा अंदाज करायचा, यांच्या प्रश्नांची नीट मांडणी सोबत होती.

आता आपल्या वर्गात काय होते? पडद्यावर तारेतून निळे ठिपके सावकाश सरकत असतात. एखादी चुणचुणीत मुलगी विचारते, “बाई, ठिपके एवढे हळू जातात, मग बटण दाबल्याबरोबर दिवा कसा लागतो?” हा प्रश्न फार चांगला आहे. तांब्याच्या एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेतून एक अँपिअर प्रवाह जात असेल, तर इलेक्ट्रॉन सरासरीने तासाला सुमारे २६ सें.मी. एवढेच पुढे सरकतात, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांहूनही कितीतरी हळू. तरी दिवा तत्काळ लागतो, कारण तार इलेक्ट्रॉनांनी आधीच भरलेली असते. पाण्याने भरलेल्या नळीच्या एका टोकाला दाब दिला की दुसऱ्या टोकातून लगेच पाणी बाहेर पडते, तसे. ‘ढकला’ ही बातमी तारेतून अतिवेगाने जाते, इलेक्ट्रॉन स्वतः जात नाहीत.

हे उत्तर बाईंजवळ असेल तर तो आभासी प्रयोग सोन्याचा आहे. नसेल तर बाई पुढच्या वेळी तो लावणारच नाहीत, आणि त्यांचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. चाळीस मुलांसमोर निरुत्तर होण्याची जोखीम कुणी हौसेने घेत नाही. प्रशिक्षणात मात्र शिकवले जाते ते संकेतस्थळ कसे उघडायचे एवढेच.

शिक्षकाला वगळून पाहिले

शिक्षकांना तयार करणे एवढे कठीण असेल तर थेट मुलांच्याच हाती संगणक का देऊ नये, असाही एक विचार आहे. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक मोहिमेने तो उचलून धरला. तिचा भारतातला एक आरंभीचा प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट येथील एकशिक्षकी शाळेत झाला. पण मोठ्या प्रमाणावरचा अनुभव दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाचा आहे. तेथल्या ग्रामीण भागातील ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या शाळांना लॅपटॉप मिळाले तेथे दर मुलामागे संगणकांचे प्रमाण १.१८ होते, इतरत्र ते ०.१२ होते. एवढा फरक असूनही गणित आणि भाषेच्या चाचण्यांत दोन्हींकडच्या मुलांत फरक आढळला नाही. यंत्रे पोचली, मुलांनी ती वापरली, पण धडा होता तसाच राहिला. शिक्षकाला ओलांडून जाणारी आडवाट नाही, एवढे यातून समजायला हरकत नाही.

ब्रिटनची उलटी चूक

मग यंत्राचे प्रशिक्षण सोडून थेट विषयाचे प्रशिक्षण दिले की झाले, असे कुणी म्हणेल. येथे ब्रिटनचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवायला हवा. १९९९ ते २००३ या काळात तेथे सर्व कार्यरत शिक्षकांच्या संगणक प्रशिक्षणासाठी लॉटरीच्या उत्पन्नातून २३ कोटी पौंड खर्ची घातले गेले. या योजनेची आखणी वरवर पाहता आमच्या म्हणण्याप्रमाणेच होती. बटणे शिकवायची नाहीत, आपल्या विषयात संगणक केव्हा वापरावा आणि केव्हा वापरू नये ते शिकवायचे, असे तिच्यात स्पष्ट म्हटले होते.

तरीही २००२ मध्ये तेथील शाळा-तपासणी यंत्रणेने दिलेला अहवाल निराशाजनक होता. प्रशिक्षण नीट पार पडले असे सुमारे एक चतुर्थांश माध्यमिक शाळांबाबत आणि दहांतील सहा प्राथमिक शाळांबाबतच म्हणता आले. असे का झाले? अनेक शिक्षकांना मूलभूत कौशल्ये येतच नव्हती आणि ती येतात असे योजनेने गृहीत धरले होते. प्रशिक्षण बऱ्याच ठिकाणी दूरस्थ साहित्यावर सोपवलेले होते. आणि ते सारे शिक्षकाने शाळा सुटल्यावर, स्वतःच्या वेळात करायचे होते.

म्हणजे पहिल्या आरोपाचे उत्तर शोधून भागत नाही. गाठ कागदावर कितीही चांगली दाखवली, तरी ती प्रत्यक्ष मारताना जवळ कुणी नसेल तर ती सुटते. आमच्या त्या ज्येष्ठ शिक्षकांचा दुसरा आरोप येथे लागू पडतो.

परत येणे

परत येण्याचे महत्त्व ओळखलेले एक काम आपल्या शेजारच्याच राज्यात झाले, आणि त्यात संगणकाचा संबंध नव्हता. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी सोळा शाळांत प्रयोगावर आधारलेले विज्ञान शिक्षण सुरू केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिक त्यात सहभागी झाले. १९७८ मध्ये हा कार्यक्रम साऱ्या जिल्ह्यात पसरला, १९८२ पासून ‘एकलव्य’ संस्थेने तो सांभाळला आणि २००२ मध्ये राज्य सरकारच्या निर्णयाने तो बंद झाला. त्याच्या गुणदोषांची चर्चा पुष्कळ झाली आहे. आपल्याला येथे त्याची प्रशिक्षणाची रीत पाहायची आहे.

उन्हाळ्यात शिक्षक एकत्र येत आणि मुलांनी करायचा प्रत्येक प्रयोग स्वतः करून पाहात. प्रयोग फसले की वाद होत, आणि वैज्ञानिकांनाही उत्तर येत नसेल तर ते तसे सांगत. शाळा सुरू झाल्यावर काम संपत नसे. दर महिन्याला परिसरातले शिक्षक एका ठिकाणी जमत, काय जमले आणि काय फसले ते बोलत. कार्यकर्ते व अनुभवी शिक्षक शाळांना भेटी देत. उन्हाळी वर्ग हा प्रशिक्षणाचा केवळ आरंभ होता.

संगणकाच्या बाबतीत याच्या जवळ जाणारे काम केरळमध्ये झाले. तेथे २००१ मध्ये ‘आयटी अॅट स्कूल’ हा प्रकल्प सुरू झाला. त्याचे मुख्य प्रशिक्षक बाहेरून आणलेले तंत्रज्ञ नव्हते, ते शाळांत शिकवणारे शिक्षकच होते. पुढे मुक्त संगणक प्रणाली स्वीकारल्यामुळे मल्याळममधून साधने तयार करणे आणि ती सर्व शाळांत मोफत पोचवणे शक्य झाले. २०१७ मध्ये या प्रकल्पाचे ‘काइट’ या कंपनीत रूपांतर झाले आणि ते काम पुढे चालू राहिले. प्रशिक्षक जेव्हा वर्गात उभा राहिलेला माणूस असतो, तेव्हा ‘माझ्या वर्गात एकच संगणक आहे आणि साठ मुले आहेत, मग काय करू?’ या प्रश्नाला तो हसत नाही. तो प्रश्न त्याचाही असतो.

मोजता येते तेच मोजणे

गेल्या काही वर्षांत प्रशिक्षण स्वतःच संगणकावर आले. २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले. २०१९ मध्ये ‘निष्ठा’ ही शिक्षक प्रशिक्षणाची मोठी योजना प्रत्यक्ष वर्गांतून सुरू झाली आणि २०२० मध्ये, महासाथीमुळे, ती ‘दीक्षा’वर गेली. दूरवरच्या वाडीवरच्या शिक्षकालाही आता तेच साहित्य मिळते, हा मोठा लाभ आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

पण यात एक धोका आहे. किती शिक्षकांनी अभ्यासक्रम पुरा केला हे या पद्धतीत चटकन मोजता येते. धडा बदलला की नाही हे मोजणे कठीण आहे, म्हणून ते मोजलेच जात नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा ठेवली आहे. ५० तास पुरेसे आहेत की कमी, यावर वाद होऊ शकेल. पण ते ५० तास चित्रफिती पाहण्यात आणि त्यांखालचे प्रश्न सोडवण्यात गेले, तर आमच्या तीन दिवसांच्या कार्यशाळेचीच ती लांबलेली आवृत्ती होईल. अभिप्रायाच्या कागदावर तेव्हाही ‘उत्तम’ अशीच खूण होती.

मग काय करावे?

लाखो शिक्षकांच्या मागे कोण आणि किती वेळा जाणार, हा आक्षेप खरा आहे. पण त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागेल असे नाही. आपल्याकडे प्राथमिक शाळांसाठी केंद्रशाळांची रचना आहे आणि शिक्षकांच्या नियमित बैठका होतात. माध्यमिक शिक्षकांच्या विषयवार संघटना आहेत. या बैठकांतला वेळ परिपत्रके वाचण्याऐवजी एका धड्याला देता येईल. त्या दृष्टीने चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

एक, प्रशिक्षणाची सुरुवात यंत्रापासून करू नये, शिक्षकाने आणलेल्या अडचणीपासून करावी. ‘कोणता भाग मुलांना दरवर्षी कळत नाही?’ हा पहिला प्रश्न असावा. काही अडचणींवर संगणक उपयोगी नाही असे निघेल. तेही शिकणेच आहे.

दोन, जे कौशल्य त्या धड्याला लागते तेवढेच त्या वेळी शिकवावे. दोलकाच्या धड्यासाठी स्प्रेडशीटमधल्या चार क्रिया पुरतात. पुढच्या धड्याला पाचवी लागेल तेव्हा ती शिकता येते.

तीन, प्रशिक्षणाचे दिवस तोडून द्यावेत. सलग तीन दिवसांऐवजी तीन महिन्यांत तीन दिवस घेतले तर मध्ये शिक्षकाला धडा घेऊन पाहता येतो, आणि दुसऱ्या बैठकीला तो काहीतरी सांगायला घेऊन येतो. हे दिवस शाळेच्या वेळात धरावेत, सुट्टीतून कापून घेऊ नयेत.

चार, प्रमाणपत्र हजेरीवर देऊ नये. घेतलेल्या एका धड्याचे दोन पानी टिपण शिक्षकाने लिहावे, त्यात काय फसले ते जरूर असावे, आणि ते टिपण हेच प्रमाणपत्र मानावे.

आम्ही २०१९ मध्ये त्या शाळेत पुन्हा गेलो. या वेळी बरोबर सादरीकरण नव्हते. त्या शिक्षकांबरोबर बसून आठवीच्या घनतेच्या धड्याची आखणी केली. मुलांनी नदीतले एकाच जातीचे लहानमोठे दगड आणले, तराजूवर वस्तुमान आणि मोजपात्रातल्या पाण्यावर आकारमान मोजले आणि शाळेतल्या एकुलत्या एका संगणकावर आलेख काढला. दगड निरनिराळे, पण बिंदू एका रेषेत आले. एक तुकडा मात्र रेषेबाहेर गेला. तो विटेचा होता आणि कुणीतरी खोडसाळपणे टोपलीत टाकला होता. वर्गात हशा पिकला. त्यानंतर घनता म्हणजे काय हे त्या वर्गाला वेगळे सांगावे लागले नाही. तास गुरुजींनी घेतला. आम्ही मागच्या बाकावर बसून होतो, आणि आमची जागा तीच आहे हे आम्हाला तेथे पटले.

एका धड्यावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे आम्ही जाणतो. वाचकांपैकी कुणी असा एखादा धडा घेतला असेल, तर तो कसा झाला ते लिहावे. फसला असेल तर अगत्याने लिहावे, कारण रेषेबाहेरच्या बिंदूपासूनच अधिक शिकायला मिळते.